उताऱ्याखालचे प्रश्न

"मग मीच घरी बसते! तू जा कॉलेजला. माझी बॅग घेऊन जा, डबा घेऊन जा, माझं आयकार्डही गळ्यात घालून जा," असं म्हणत चैत्रानं बॅग खरोखरच काटवटीशेजारी आणून आदळली. ज्वारीचं पीठ भसकन उडालं.

"पिठाजवळ आपटू नकोस," कस्तुरी म्हणाली. थापायचा हात तिनं थांबवला नव्हता. "ही एवढी रोट्टी तव्यावर पडू दे, मग भांड."

"बघ अज्जी! मी काय बोलतेय आणि हिचं काय चाललंय!"

"माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत," दाराशी भिंतीला टेकून बसलेली निंगव्वा म्हणाली. "कालपासून तेच ऐकतेय. एक म्हणते जाऊ का, एक म्हणते जाऊ नको. दोघी जा नाहीतर दोघी राहा. माझ्या ताटलीत रोट्टी कुस्करून कोण देणार तेवढं आधी ठरवा."

भांडण आदल्या संध्याकाळी सुरू झालं होतं, जेवताना जरा निवलं होतं आणि सकाळी चुलीबरोबर पुन्हा पेटलं होतं. झालं होतं एवढंच, की लेकीच्या कॉलेजात पालकसभेला म्हणून गेलेली कस्तुरी सभा संपल्यावर घरी न येता ऑफिसच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली होती. आतल्या कारकुनानं विचारलं, "कुणासाठी चौकशी करताय अक्का?" ती म्हणाली, "माझ्यासाठी." त्यानं चष्म्याच्या वरून एकदा पाहिलं आणि सांगितलं, की वयाची अट नाही, पीयूसीचं, म्हणजे बारावीचं, मार्ककार्ड आणा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला जागा आहेत, सोमवारी वर्ग सुरू होतील. बाजारात आज मिरचीच्या किती गाड्या आल्या ते सांगावं तसं घरी येऊन तिनं हे सगळं सांगून टाकलं आणि शेवटी विचारलं, "जाऊ का?"

आणि तेव्हापासून हे.

"मी सेकंड इयरला आणि तू फर्स्ट इयरला," चैत्रा बोटांवर मोजून दाखवत होती. "म्हणजे तू माझी ज्युनिअर! मुली मला विचारतील, तुझ्या अव्वाचं रॅगिंग करू का गं? काय सांगू?"

"करा म्हणावं. गाणं म्हणायला लावलं तर म्हणेन."

मोरीत दाढी करत असलेला ईरण्णा फस्सकन हसला आणि त्याला कापलं.

"हसू नका अप्पा! तुमच्यामुळंच ही शेफारलीय. उद्या कॉलेजच्या गेटात मला हाक मारेल, 'चैत्रा, डबा खाल्लास का, केसाला तेल का नाही लावलंस?' मी विहीर शोधेन."

"गावात विहिरी राहिल्यात कुठं," ईरण्णा गालाला तुरटी लावत बाहेर आला. "कस्तुरी, चहा."

"रोट्ट्या झाल्या की चहा."

"बघ, अजून नाव नोंदवलं नाही तर ही गत," तो म्हणाला आणि स्वतःच पातेलं शोधायला लागला. पातेलं कुठं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा जन्म याच घरात झाला होता.

कस्तुरीचा जन्म या घरातला नव्हता, पण ती या घरात आली ती सून म्हणून नव्हे. तिचं खेडं इथून, ब्याडगीपासून, बसनं थोडंच लांब, पण तिथं शाळा दहावीपर्यंतच. अकरावीला म्हणून आईनं तिला आपल्या माहेरी, म्हणजे कस्तुरीच्या अज्जीकडं आणून सोडलं. निंगव्वा ती अज्जी, आणि ईरण्णा तिच्या आईचा धाकटा भाऊ, तिचा मामा. म्हणून अजूनही या घरात आई आणि मुलगी दोघीही एकाच बाईला अज्जी म्हणत. गल्लीत कुणाला यात नवल वाटत नसे. चार घरांत असंच होतं.

त्या वेळी मामा मिरचीच्या अडतीवर प्रतवारी करायचा. मूठभर मिरच्या उचलायच्या, वास घ्यायचा, सुरकुत्या बघायच्या आणि ढीग कुठल्या रांगेत जाणार ते सांगायचं. सकाळी बाजारात जाताना तो भाचीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून कॉलेजच्या फाटकाशी सोडायचा. वाटेत खोड काढायचा. "काय गं, इंग्लिशमध्ये मिरचीला काय म्हणतात?" ती सांगायची. "आणि ब्याडगी मिरचीला?" ती गप्प. "बघ, तुमच्या इंग्लिशला ब्याडगी ठाऊक नाही." कधी परत येताना चुरमुऱ्यांच्या गिरमिटाचा पुडा आणायचा, अज्जीला न दाखवता परसात बसून दोघं खायची. त्यात काही वाईट नव्हतं. पुढं कस्तुरीला त्या दिवसांचा राग करता आला नाही तो यामुळंच.

कॉलेजात इंग्रजीला आधी एक वयस्क सर होते. उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं कशी लिहायची याची त्यांची एक रीत होती, आणि गावातल्या दोन पिढ्या त्या रीतीवर पास झाल्या होत्या. प्रश्नातला सगळ्यात लांब शब्द उचलायचा, उताऱ्यावरून बोट फिरवत तो शोधायचा, ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. अर्थ कळायलाच हवा असं नाही. परीक्षेत सगळा वर्ग खाली मान घालून कागदावर बोट फिरवत असायचा, तांदळातले खडे वेचल्यासारखा.

ते सर निवृत्त झाले आणि बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अन्नम्मा मिस आल्या. केरळच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, मोडकंतोडकं कन्नड, आणि मिरचीच्या दिवसांत वर्गात सगळे शिंकत असताना सगळ्यांत जास्त शिंकणाऱ्या त्याच. या गावात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "कुणाची गं तू?" बापाचं नाव, आजोळ, गल्ली सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही. मिसनी तो प्रश्न कधी विचारला नाही. त्या विचारायच्या, "तुला काय वाटतं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा कस्तुरीनं मागं वळून पाहिलं होतं, आपल्यामागं कोण आहे म्हणून.

त्या रोज पाच नवे शब्द द्यायच्या आणि प्रत्येक शब्द वापरून आपल्या घराबद्दल एक वाक्य लिहून आणायला सांगायच्या. कस्तुरी भांडी घासताना ते शब्द तोंडात घोळवायची. एकदा 'अनोळखी माणूस' अशा अर्थाचा शब्द आला. तिनं लिहिलं, आमच्या घरी अनोळखी माणूस कधी येत नाही. मिसनी खाली लाल शाईनं लिहिलं, का? त्या एका लाल शब्दाकडं ती कितीतरी वेळ बघत बसली होती. खरंच, का? तिच्या आयुष्यात कुणीच अनोळखी नव्हतं. वाणी काका होता, बसचा कंडक्टर आईच्या मावशीचा दीर होता. आणि त्या उताऱ्यांमधली माणसं! कुणी नदीकाठी राहायचं, कुणी आगगाडीत बसायचं, कुणी हरवलेला कुत्रा शोधायचं, आणि कुणीही कुणाचं नातेवाईक नसायचं. एकमेकांना पहिल्यांदाच भेटायची ती माणसं. उतारा जेमतेम पानभर. गोष्ट रंगात येईतो खाली प्रश्न सुरू. तिला वाटायचं, कुणीतरी दार उघडून दाखवतंय आणि आत पाऊल टाकायच्या आधी लावून घेतंय. तरी रोज सकाळी ती त्या दारासाठीच कॅरिअरवर बसायची.

ईरण्णाचं लग्न हावेरीच्या मुलीशी ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या, मांडवाचे वासे येऊन पडले, आणि मुलीकडच्यांनी निरोप पाठवला की आम्हाला जमत नाही. कारण काय ते कधी कळलं नाही. घरात सुतक पडल्यासारखं झालं. मग कस्तुरीची आई आली आणि निंगव्वा आणि ती अशा दोघी मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या. कस्तुरी परसात मिरच्यांचे देठ काढत होती. थोड्या वेळानं आई बाहेर आली, तिनं तिच्या हातातली टोपली काढून घेतली आणि म्हणाली, "हात धू. आग होईल, हळद लावायचीय." भाचीवर पहिला हक्क मामाचाच, त्यात विचारण्यासारखं काय होतं? दुसऱ्या घरी जायचं नव्हतं, दुसरी चूल शिकायची नव्हती. फक्त झोपायची खोली बदलली.

लग्नानंतरही ती कॉलेजला गेली, हे तिला स्वतःला आता खरं वाटत नसे. मामाच सोडायचा, त्याच सायकलवर. फक्त आता तो वाटेत खोड काढत नसे आणि तिला त्याला काय म्हणून हाक मारावी कळत नसे. मुली फाटकाशी तोंडावर पदर, ओढण्या घेऊन हसायच्या.

त्याच आठवड्यात मिसनी 'माझं कुटुंब' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. कस्तुरीनं इमानेइतबारे लिहिलं: माझे मामा माझे पती आहेत. माझी आजी माझी सासू आहे. मिसनी दोन्ही वाक्यांवर लाल काट मारली आणि समासात लिहिलं, शब्दांचे अर्थ पुन्हा पाहा. तिनं रात्री शब्दकोश उघडून पाहिलं. अर्थ बरोबर होते. दुसऱ्या दिवशी ती वर्गात उभी राहिली आणि म्हणाली, "मिस, शब्द चुकले नाहीत." वर्गातलं कुणी हसलं नाही, त्यात हसण्यासारखं त्यांना काही दिसलंच नाही. मिसचा चेहरा मात्र कानापर्यंत लाल झाला. त्यांनी वही मागून घेतली, स्वतःचीच काट पांढऱ्या शाईनं खोडली आणि हळूच विचारलं, "तुला विचारलं होतं?"

या प्रश्नातला लांब शब्द कुठला आणि तो कुठल्या वाक्यात सापडेल, ते कस्तुरीला कळलं नाही. ती खाली बसली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो पेटीचा उतारा आला. नदीकाठी एक बाई एकटी राहते, होडीतून ये-जा करणाऱ्यांना दिवा दाखवते. एका संध्याकाळी एक माणूस येतो, एक जड पेटी तिच्यापाशी ठेवतो, मी येईपर्यंत उघडू नका म्हणतो आणि जातो. वर्षं जातात. एक दिवस ती बाई पेटीसमोर बसते, झाकणावर हात ठेवते. उतारा संपला. खाली प्रश्न: बाई कुठं राहत होती? माणसानं तिला काय दिलं? 'जड'च्या उलट शब्द लिहा.

"मिस, पेटीत काय होतं?" कस्तुरीनं विचारलं.

"ते उताऱ्यात नाही," मिस म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलटी झाली. अज्जीनं पाठीवरून हात फिरवला, डोळ्यांत बघितलं, आणि हसून म्हणाली, "आता कॉलेज राहू दे काही दिवस." कुणी रागावलं नाही, कुणी पुस्तकं फेकली नाहीत. ईरण्णानं तर ती व्यवस्थित कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली, उंदीर लागू नयेत म्हणून.

पुढं अन्नम्मा मिसची बदली झाली. चैत्रा झाली, चालायला लागली, शाळेत गेली. कस्तुरी शीतगृहातून येणाऱ्या मिरचीचे देठ काढायला बायकांबरोबर बसायला लागली. बोटं सोलून निघायची. एकदा, फक्त एकदाच, ती काहीतरी बिनसून तडक आईकडं निघून गेली होती. आईनं पाणी दिलं आणि म्हणाली, "माझ्या भावाचं गाऱ्हाणं माझ्याच दारात घेऊन आलीस होय?" संध्याकाळच्या बसनं ती परत आली. रुसून जायलासुद्धा दुसरं घर नव्हतं.

इंग्रजी मात्र ती जिथं सापडेल तिथं वाचायची. परदेशी जाणाऱ्या पोत्यांवरचे शिक्के, औषधाच्या बाटलीवरचे बारीक कागद, चैत्राची पुस्तकं. चैत्रा मोठी झाली तशी रोज संध्याकाळी ती तिचे शब्द घ्यायची: हातात पुस्तक, समोर मुलगी, मध्ये मिरच्यांचा ढीग. चैत्रा धडाधड उत्तरं द्यायची. उताऱ्यावरून तिचंही बोट फिरायचं. ती रीत गावातून अजून गेली नव्हती.

"बरं, पण त्यानंतर काय झालं असेल गं?" कस्तुरी विचारायची.

"अव्वा, ते प्रश्नात नाही."

"प्रश्नात नाही, पण तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मार्क नाहीत त्याला."

तर आता हे भांडण, आणि सोमवार जवळ येत चाललेला.

त्या दिवशी ईरण्णा बाजारातून आला तो हातात एक जाडजूड गाईड घेऊन. खूष होता. "हे घे. मी अडतीवर सगळ्यांना विचारलं. वर्गात बसायची काही गरज नाही म्हणतात. बाहेरून परीक्षा देता येते. घरी बस, वाच, परीक्षेला मी स्वतः सोडतो. चैत्राची लाज वाचली, तुझी हौस झाली."

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"बाजारात कुणी विचारलं असेल ना, ईरण्णा, बायको कॉलेजात जाते म्हणे?"

त्यानं गाईड एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाला, "विचारलं. गमतीनं. तू मनावर घेऊ नको."

"मी नाही घेतलं. तुम्ही घेतलंत. गाईड आणलंत."

तरी तिनं गाईड घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रोट्टीचं सगळं आवरून ती पडवीत बसली. पहिला उतारा एका म्हाताऱ्या घड्याळजीचा होता. दोन ओळी झाल्या तोच अज्जीला पाणी हवं होतं. चार ओळी झाल्या, शेजारची सुवर्णव्वा ताक मागायला आली आणि बसलीच. तिचं बोलणं ऐकत कस्तुरीनं त्याच चार ओळी पुन्हा वाचल्या. मग पोत्यांची गाडी आली. परत येऊन तिनं पाहिलं, तर उताऱ्याखाली प्रश्न, आणि प्रश्नांखाली सगळी उत्तरं छापलेली. तिनं ती तळहातानं झाकली.

"काय करतेस गं? पान का धरून बसलीस, वारा तर नाही," निंगव्वाला पानाचा आवाज थांबलेला कळला.

"उत्तरं झाकतेय अज्जी. खाली लिहिलीत."

"उत्तर लिहिलेलं आहे?"

"हो."

"मग वरचं कशाला वाचतेस?"

कस्तुरी हसली. खूप दिवसांनी मोठ्यानं हसली, आणि हसता हसता तिला भरून आलं. अज्जीनं सहज विचारलं होतं, पण अगदी बरोबर विचारलं होतं. समोर कुणी विचारणारं नसेल तर हे सगळं वाचायचं कशाला? तिला परीक्षा नको होती. तिला बाक हवा होता. पुढच्या मुलीची वेणी, खडूची धूळ, आणि फळ्यापाशी उभं राहून कुणीतरी परक्या माणसानं आपल्याकडं बघत उत्तराची वाट बघणं. तेवढंच. आणि तेवढं कुणाला सांगायला गेलं तर तोंडातून निघत नव्हतं, कारण सांगितलं तर हास्यास्पद वाटलं असतं.

चैत्रा कॉलेजातून आली तेव्हा तिचा राग बराच उतरला होता. आपल्यापुरता प्रश्न सुटला असं तिला वाटत होतं. ती आईजवळ मिरच्या निवडायला बसली.

"अव्वा, तू ते पेटीचं काहीतरी सांगायचीस ना मला लहानपणी? झोपताना. नदी, बाई, दिवा..."

"उतारा होता तो. आमच्या पुस्तकातला."

"मला वाटलं, गोष्ट. मग पेटीत काय होतं?"

"मिसनी मला विचारलं, तुला काय वाटतं. मी म्हटलं, उद्या सांगते."

"मग? काय सांगितलंस?"

"उद्या तू आलीस."

चैत्राला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं हातातल्या मिरचीचा देठ मोडला, पुन्हा मोडला, त्याचे अगदी बारीक तुकडे केले.

"काय सांगणार होतीस?"

कस्तुरीनं हातातली मिरची ढिगात टाकली. तिनं आठवून पाहिलं. रात्री अंथरुणात पडून तिनं ते उत्तर जुळवलं होतं, शब्द शोधले होते, दोनदा मनात म्हणून पाहिले होते, हे सगळं आठवत होतं. शब्द आठवत नव्हते. प्रश्न इतकी वर्षं जपून ठेवला होता. उत्तर केव्हा हातून निसटलं ते कळलंही नव्हतं.

"विसरले," ती म्हणाली.

त्या रात्री जेवताना चैत्रानंच विषय काढला. तिच्या आवाजात माया होती, आणि माया असली की या घरातली माणसं ज्या सुरात बोलत तोच सूर.

"अप्पा, मी विचार केला. अव्वानं कॉलेजला जायला हवं. खरंच जायला हवं. फक्त माझं शेवटचं वर्ष होऊ दे. दोन वर्षं. मग मी स्वतः तिला नाव नोंदवायला घेऊन जाते. प्रॉमिस."

"हे उत्तम!" ईरण्णाचा चेहरा खुलला. "तोवर गाईड आहेच. तयारी होईल. अव्वा, तू काय म्हणतेस?" त्यानं आपल्या आईला विचारलं.

"मी काय म्हणणार," निंगव्वा ताटलीतली ताकात कालवलेली रोट्टी बोटानं चाचपत म्हणाली. "दोन वर्षांत मी असेन नसेन. मी गेले की हिला मोकळंच आहे. मग दोन वेळा जाऊ दे कॉलेजला."

"असं काय बोलतेस अज्जी," चैत्रा म्हणाली.

"मग काय तर! आम्ही कधी कशाला नको म्हटलंय का हिला? विचार तिलाच. कस्तुरी, सांग. या घरात तुला कुणी कधी कशाला नको म्हटलं?"

"नाही अज्जी."

"ऐकलंस? सोन्यासारखी ठेवली. परक्याच्या घरी दिली असती तर कळलं असतं."

तिघंही समाधानानं जेवू लागली. शेंगदाण्याची चटणी इकडून तिकडं गेली. ईरण्णानं जवळजवळ लग्नाच्या आधीच्या आवाजात खोड काढली, "काय गं, दोन वर्षांनी जाशील तेव्हा चैत्राची सगळी जुनी पुस्तकं फुकट मिळतील," आणि चैत्रा हसली. गोष्ट ठरली होती. तिच्याबद्दलची होती, तिच्या समोर ठरली होती, आणि तिघांनी मिळून प्रेमानं ठरवली होती.

कस्तुरी रोट्टीचा तुकडा हातात धरून त्यांच्याकडं बघत होती. खरंच होतं अज्जीचं. कुणी कधी नको म्हटलं नव्हतं. आणि हेही खरं होतं, की परवाच्या संध्याकाळपासून ती दारोदार फिरल्यासारखी या तिघांना विचारत होती. मुलीला, नवऱ्याला, सासूला. जाऊ का. ज्यांनी तिला कधी काही विचारलं नाही त्यांनाच. ते बिचारे काय उत्तर देणार? त्यांच्याकडं ते नव्हतंच. त्यांच्यावरून कितीही बोट फिरवलं तरी ते सापडणार नव्हतं.

तिनं तुकडा खाल्ला, पाणी प्याली, हात धुतले. मग पदराला हात पुसत उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं ही हाक मारली नव्हती, आणि ईरण्णाचा घास तसाच हातात राहिला. "ते गाईड उद्या दुकानात परत करा."

"अगं पण आत्ताच ठरलं ना आपलं..."

"तुमचं ठरलं. चैत्रा, गेटात मी तुला हाक मारणार नाही. तूही मारू नको. तू तुझ्या वर्गात, मी माझ्या."

"अव्वा!"

"अज्जी, तुमची रोट्टी सकाळी कुस्करून झाकून ठेवीन, ताक शेजारी असेल, हाताला लागेल असं. दुपारी ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. मिरच्यांचे देठ मी चारनंतर काढेन." तिनं ताटं एकावर एक ठेवली आणि उचलली. "सोमवारपासून मी कॉलेजला जाणार आहे."